शुगरच्या नोंदी मोबाइलवर: ॲप कसं लावायचं, काय लिहायचं आणि आकडे कसे वाचायचे

ॲप टाकलं की पहिल्या दिवशी हुरूप असतो. साखर, जेवण, पावलं, पाणी, वजन, झोप, मूड, विचारेल ते सगळं भरलं जातं. मग नोंदी विरळ होतात आणि एक दिवस ॲपचं चिन्ह फोनच्या शेवटच्या पानावर जाऊन बसतं. दोष बहुतेकदा ॲपचा नसतो. आपण त्यात नको तेवढं भरतो आणि नेमकं हवं ते राहून जातं.

मधुमेहात कामाला येते ती जोडी: साखरेचा आकडा आणि तो तसा का आला हे सांगणारा एखादा शब्द. नुसतं १८७ मुकं असतं. '१८७, जेवल्यावर दोन तासांनी, दुपारची गोळी राहिली' एवढं लिहिलं असेल तर डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. ॲप निवडण्यापासून रिपोर्ट दाखवण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ही जोडी टिकते का, एवढं बघायचं.

कुठलं ॲप

तीन प्रकार आहेत. पहिला साध्या डायरीचा: साखर, औषध, जेवण लिहा, आलेख बघा. मायशुगर हे त्यातलं जुनं आणि परिचित नाव. दुसरा मीटर (बोट टोचून साखर मोजणारं यंत्र) किंवा सेन्सर (त्वचेवर लावून ठेवलं की सतत साखर मोजत राहणारं उपकरण) बनवणाऱ्या कंपनीचा. यात आकडे आपोआप येतात. तिसरा इन्सुलिनचा डोस काढून देणारा.

फक्त गोळ्यांवर असाल तर डायरी पुरते. सेन्सर लावत असाल तर त्याच कंपनीचं ॲप घ्यावं लागतं, तिथे निवडीला फारसा वाव नसतो. डोस काढणारं ॲप फक्त त्यांच्यासाठी, जे दर जेवणाआधी जलद इन्सुलिन घेतात आणि ज्यांना डॉक्टरांनी कर्बोदकं मोजायला शिकवलं आहे. मिश्र इन्सुलिन (जलद आणि लांब चालणारं एकत्र) दिवसातून दोनदा घेणाऱ्यांसाठी हा हिशोब बनलेलाच नाही. त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा. नोंदी पीडीएफ किंवा सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढता येतात का? आणि मीटरमधून आकडा आपोआप येतो का? पहिलीचं उत्तर 'नाही' असेल तर ते ॲप सोडा, मग ते कितीही देखणं असो. वर्षभराच्या नोंदी एका ॲपमध्ये अडकून पडण्यापेक्षा कागदाची वही बरी.

पहिल्या अर्ध्या तासात

सुरुवातीचे प्रश्न लोक 'पुढे, पुढे' करत उरकतात आणि पुढचे घोळ तिथेच पेरले जातात.

सगळ्यात आधी एकक. साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. मिलिमोलला १८ ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात: ५.५ म्हणजे ९९, १० म्हणजे १८०. मीटर आणि ॲप दोन्हीकडे एकच एकक ठेवा. या लेखातले सगळे आकडे मिलिग्रॅमचे आहेत.

मग लक्ष्याची मर्यादा. ॲपमध्ये बहुधा आधीपासूनच एक ठरावीक मर्यादा भरलेली असते. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत, ही मर्यादा सर्रास वापरली जाते. गरोदरपणात ती बरीच खाली येते: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. तिथे ॲपचा आधीचा आकडा तसाच राहू दिला तर १६५ हिरव्या रंगात दिसेल आणि कुणालाच काही वाटणार नाही. उलट वयस्कर, एकटं राहणाऱ्या किंवा साखर वारंवार खाली जाणाऱ्या माणसासाठी डॉक्टर मुद्दाम सैल मर्यादा ठेवतात. तुमचे आकडे त्यांना विचारा आणि तेच भरा.

जेवणाच्या वेळाही तुमच्या भरा. ॲप सकाळी सहा ते दहा म्हणजे नाश्ता असं धरून चालतं. रात्रपाळी करणाऱ्याचं मुख्य जेवण त्यात 'नाश्ता' म्हणून नोंदलं जातं आणि मग सगळ्या सरासऱ्या फसतात.

मीटर जोडताना

ब्लूटूथ मीटर ॲपच्या आतून जोडा, फोनच्या ब्लूटूथ यादीतून नाही. यादीतून आधीच जोडला असेल आणि ॲपला सापडत नसेल तर तिथून 'विसरा' करून पुन्हा ॲपमधून शोधा. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. १२ पासून 'जवळपासची डिव्हाइस' ही वेगळी परवानगी आहे. ती नाकारली असेल तर मीटर हातात धरून तासभर बसलात तरी जोडला जाणार नाही.

सगळ्यात फसवी चूक घड्याळाची. मीटरची बॅटरी बदलली की अनेक मीटरांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. ते कुणी बघत नाही, कारण आकडा तर बरोबर दिसतोय. मग सकाळी सातची उपाशीपोटीची १३२ ॲपमध्ये मध्यरात्री दोनला जाऊन बसते, किंवा तीन वर्षांपूर्वीच्या तारखेला पडून दिसेनाशीच होते. काही ॲप तर भविष्यातली वेळ दिसली की ती नोंद घेतच नाहीत. बॅटरी बदलली, प्रवासात घड्याळ मागेपुढे झालं, की आधी मीटरची तारीख-वेळ फोनशी जुळवा आणि मगच बोट टोचा. आधीच चुकलेल्या नोंदींच्या वेळा ॲपमध्ये हाताने सुधारा. तिथे सुधारता येत नसतील तर निदान शेरा लिहा.

दुसरा घोळ दुबार नोंदीचा. मीटरने आपोआप पाठवलेला आकडा, तोच तुम्ही हाताने लिहिलेला आणि तोच ॲपल हेल्थ किंवा हेल्थ कनेक्टमधून (वेगवेगळ्या ॲपचे आरोग्याचे आकडे एकत्र ठेवणारी फोनमधली सोय) परत आलेला. एका तपासणीच्या तीन झाल्या. आकडा आत यायचा रस्ता एकच ठेवा, बाकीचे बंद करा.

घरातल्या दुसऱ्या कुणी त्याच मीटरवर साखर बघितली तर तो आकडाही गपगुमान तुमच्या खात्यात येतो. तो लगेच काढून टाका. टोचायची सुई मात्र कधीच दोघांत वापरू नका.

आकडा खरा आहे का

मीटरच्या अचूकतेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५१९७ ची २०१३ ची आवृत्ती, असं सांगतं: १०० च्या खाली ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत हवेत, १०० आणि त्यावर १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे खरी साखर १६० असताना मीटरने १३६ पासून १८४ पर्यंत काहीही दाखवलं तरी तो नियमात बसतो. सलग दोनदा टोचून १४८ आणि १६३ आले तर घाबरायचं कारण नाही. आणि ॲपने 'काल १४८, आज १६३, वाढ!' असा बाण दाखवला तर तो बाण विसरून जायचा.

बोटाला फळाचा रस किंवा साखरेचा अंश लागलेला असला तर आकडा खोटा वाढतो. सॅनिटायझरने तो अंश नीट निघेलच असं नाही. साबण-पाण्याने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, ओलाव्याने पट्ट्या बिघडतात. मुदत संपलेली पट्टी वापरून आलेला आकडा ॲपमध्ये ठेवू नका.

लिहायचं किती

सगळं लिहायला गेलं की काहीच टिकत नाही. गोळ्यांवर असणाऱ्याने आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल त्याने दिवसाला एक जोडी घ्यावी: एका जेवणाच्या आधी एक आकडा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी दुसरा. सोमवारी नाश्ता, मंगळवारी दुपारचं जेवण, बुधवारी रात्रीचं, मग पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांत प्रत्येक जेवणाच्या सात जोड्या जमतात आणि पट्ट्याही वाचतात. रोज फक्त सकाळची उपाशीपोटीची बघत राहिलात तर वर्षभरात ३६५ आकडे होतील, पण जेवणाबद्दल ते एक अक्षर सांगणार नाहीत.

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. खायला बसतानाच ॲपमध्ये दोन तासांचा टायमर लावा. नंतर आठवणीने लावायचा म्हटलं की विसरतोच.

शेऱ्यांसाठी चार-पाच ठरलेले टॅग बनवा: गोळी राहिली, आजारी, व्यायाम, झोप कमी, बाहेरचं जेवण. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर त्याचा टॅग हवाच, साखर भरपूर चढते ती त्याने. लांबलचक वाक्य कुणी लिहीत नाही आणि लिहिलं तरी नंतर शोधता येत नाही. टॅगवर गाळणी लावता येते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: डोस आणि टोचण्याची जागा. डोस टोचल्या क्षणी नोंदवा. दुपारी एकचा डोस चार वाजता आठवला आणि ॲपने 'आत्ता' अशी वेळ लावली, तर ते इन्सुलिन ॲपच्या लेखी नुकतंच अंगात गेलेलं असतं. जागा लिहायची कारण एकाच ठिकाणी सारखं टोचलं की त्वचेखाली चरबीची गाठ येते आणि तिथून इन्सुलिन कधी सावकाश, कधी एकदम उतरतं. 'डोस तोच, साखर मात्र मनाला येईल तशी' या तक्रारीमागे अनेकदा ही गाठ असते.

जेवण मोजणं

ताटाचा फोटो काढला की कर्बोदकं सांगणारी सोय आकर्षक वाटते. कॅमेऱ्याला वाटीची खोली दिसत नाही, आत विरघळलेली साखर दिसत नाही, तेल दिसत नाही. फोटोचा उपयोग आठवणीसाठी उत्तम, हिशोबासाठी कच्चा. त्यावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा महिनाभर वापरा. तुमच्या नेहमीच्या पंधरा-वीस पदार्थांचं एकेकदा वजन करून ॲपमध्ये 'माझे पदार्थ' म्हणून साठवा. त्यानंतर रोज काटा लागत नाही. यातला नेहमीचा घोटाळा कच्च्या-शिजलेल्याचा. धान्य शिजताना पाणी पितं आणि त्याचं वजन दुप्पट-तिप्पट होतं, कर्बोदकं मात्र तेवढीच राहतात. ॲपमधली नोंद कोरड्या धान्याची आणि तुम्ही मोजलेलं शिजलेलं, असं झालं तर हिशोब दोन-तीन पटींनी चुकतो. यादीतले बरेच पदार्थ इतर वापरणाऱ्यांनी घातलेले असतात; '१ वाटी' असं लिहिलेली नोंद टाळा, '१०० ग्रॅम' असं लिहिलेली निवडा आणि पाकिटावर छापलेल्या आकड्याशी एकदा ताडून बघा.

डोस काढणारं ॲप

इथे चूक महागात पडते, म्हणून हिशोब उघडा करून बघू. समजा डॉक्टरांनी दिलंय: १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट, १ युनिट साखर ५० ने उतरवतं, लक्ष्य १२०. ताटात ६० ग्रॅम आहेत आणि साखर २२० आहे. जेवणाचे ६ युनिट. २२० वजा १२० म्हणजे १०० जास्त, त्याचे २. एकूण ८. पण तीन तासांपूर्वीच्या डोसमधलं १.५ युनिट अजून अंगात शिल्लक आहे. ते वजा करून ६.५. मागचा डोस नोंदवलाच नसेल तर ॲप बिनधास्त ८ सांगेल. डोसावर डोस चढून साखर कोसळते ती अशी.

जलद इन्सुलिन किती तास काम करतं हा आकडा साधारण ३ ते ५ तासांचा असतो. साखर लवकर उतरत नाही म्हणून लोक तो २ करतात. त्याने इन्सुलिन लवकर संपत नाही, फक्त ॲपला ते संपल्यासारखं वाटतं. रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन चुकून 'जलद' या रकान्यात गेलं तर उलटा प्रकार: ॲपला १८ युनिट शिल्लक दिसतात आणि ते जेवणाला शून्य डोस सांगतं. शिल्लक इन्सुलिन दुरुस्तीच्या (जास्तीची साखर उतरवण्याच्या) डोसमधूनच वजा करायचं की जेवणाच्याही, यात वेगवेगळी ॲप वेगवेगळं वागतात. म्हणून ॲप बदललं की पहिले काही दिवस हिशोब कागदावरही करा.

साखर खाली गेली तर

७० च्या खाली आली की ॲपमध्ये लिहीत बसायचं नाही. आधी १५ ग्रॅम ग्लुकोज, ४ ग्रॅमच्या गोळ्या असतील तर चार. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना साधी साखर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडण्याचं काम ही औषधं अडवतात; त्यांना शुद्ध ग्लुकोजच लागतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. घरात ग्लुकागॉन (साखर झटकन वर आणणारं औषध) असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर द्या, आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. ॲपमधला तो पंधरा मिनिटांचा टायमर मात्र आजच तयार करून ठेवा.

सेन्सर आणि त्याचे गजर

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. तो त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. साखर स्थिर असताना फरक कळत नाही, चढता-उतरताना कळतो. ग्लुकोज घेतल्यावर रक्तातली साखर ९० झालेली असते आणि फोन अजून ६२ दाखवत असतो. माणूस घाबरून आणखी खातो आणि तासाभरात २५० वर पोचतो. अशा वेळी बोट टोचून बघा. अंगातली लक्षणं आणि फोनवरचा आकडा जुळत नसतील तेव्हाही तेच.

पहिल्या दिवशी सेन्सर थोडा बहकतो. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलात तर तिथला रक्तप्रवाह दाबला जाऊन मध्यरात्री खोटा 'लो' येतो. कूस बदलली की पाच-दहा मिनिटांत आलेख पुन्हा वर उडी मारतो. असा खड्डा दिसला तर डॉक्टरांकडे जाण्याआधी त्यावर शेरा टाका, नाहीतर त्याच्यावरून रात्रीचा डोस कमी होऊ शकतो. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सर खोटी वाढीव साखर दाखवतात. कुठल्या औषधाने काय होतं ते सेन्सरच्या माहितीपत्रकात असतं.

गजर न वाजणं हा स्वतंत्र विषय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यावर इशाराच दिला होता: फोनच्या सेटिंगमुळे मधुमेहाच्या उपकरणांचे महत्त्वाचे गजर लोकांना ऐकू येत नव्हते. फोनमध्ये हे बघा. ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. 'डू नॉट डिस्टर्ब' मोडून वाजायची परवानगी द्या. अलीकडे उघडलेल्या ॲपच्या यादीतून ते बोटाने सरकवून बंद करू नका. ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असताना गजर फोनवर वाजतो की फक्त हेडफोनमध्ये, ते एकदा करून बघा. ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट आपोआप होऊ देऊ नका. सेन्सरची कंपनी नव्या आवृत्तीला हिरवा कंदील देईपर्यंत थांबा. अपडेट झालं की प्रत्येक परवानगी पुन्हा तपासा.

गजराचे आकडे सुरुवातीला मोजके ठेवा: खालचा ७०, ज्यांना 'लो' झाल्याचं जाणवत नाही त्यांनी ८०, वरचा २५०. वरचा १८० वर ठेवला की दर जेवणानंतर फोन ओरडतो, मग माणूस आवाज बंद करतो आणि त्याच्यासोबत खालचाही गजर जातो.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं

रोज आलेख बघून औषध बदलू नका. सेन्सरवाल्यांनी १४ दिवसांचा रिपोर्ट काढा. त्यातला किमान ७० टक्के वेळ सेन्सर चालू असायला हवा, नाहीतर तो रिपोर्ट अर्धवट. बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, त्यातला ५४ च्या खालचा १ टक्क्याहून कमी, असं लक्ष्य असतं. वयस्कर आणि जास्त धोका असलेल्यांसाठी ५० टक्क्यांहून जास्त पुरतं, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत हवा.

रिपोर्टमधल्या दिवसाच्या आलेखात सगळे दिवस एकावर एक ठेवलेले असतात; त्यात मधली गडद रेघ, तिच्याभोवती जाड पट्टा आणि बाहेर फिकट पट्टा असतो. आधी खालची कडा बघा: दिवसाच्या कुठल्या वेळी फिकट पट्टा ७० ला शिवतोय? मग रात्र. मग पट्टा कुठे फुगतोय ते बघा. तिथे तुमचं जेवण किंवा औषधाची वेळ रोज बदलतेय. वरच्या टोकांकडे शेवटी वळा. 'लो' मिटवल्याशिवाय 'हाय' खाली ओढायला गेलं की 'लो' वाढतात.

ॲपमधली सरासरी आणि प्रयोगशाळेतली एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) जुळत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ टक्के म्हणजे १८३. ॲप १२८ सांगतंय आणि एचबीएवनसी ८ आली, तर बहुधा तुम्ही फक्त सकाळीच टोचताय. जोड्या घेतल्या की हा फरक कमी होतो. तरीही राहिला तर रक्तक्षय, नुकतंच चढवलेलं रक्त किंवा मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काही आहे का, हे डॉक्टर बघतील, कारण त्यात एचबीएवनसीच फसते.

डॉक्टरांना अख्खा फोन देऊ नका. दोन पानांची पीडीएफ आणि वर तीन ओळी: कधी 'लो' झालं, कुठलं जेवण चढतं, कुठले डोस राहिले.

थोडं इतर

त्वचेला न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेच स्पष्ट केलं होतं की असं स्वतःहून साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. सेन्सरचा आकडा नुसता दाखवणारं घड्याळ वेगळं, ते चालतं.

डायरीच्या ॲपने संपर्क यादी किंवा मायक्रोफोन मागितला तर नकार द्या. घरच्यांना आकडे दिसायची सोय लावताना लक्षात ठेवा की ती दोन्ही फोनच्या इंटरनेटवर चालते. तुमचं नेट गेलं की त्यांना जुनाच आकडा दिसत राहतो. त्यांना आकड्याशेजारची वेळ बघायची सवय लावा.

फोन बदलताना जुना फोन पुसण्याआधी सगळ्या नोंदींची सीएसव्ही काढून स्वतःला ईमेल करा, खात्याचा पासवर्ड चालतोय का बघा आणि डोसाचे आकडे कागदावर उतरवून घ्या, ते नेहमीच नव्या फोनवर येत नाहीत. काही सेन्सर ज्या फोनवरून सुरू केले त्याच्याशीच बांधलेले राहतात. तसा असेल तर चालू सेन्सरची मुदत संपेपर्यंत जुना फोन चार्ज करून जवळ ठेवा आणि पुढचा सेन्सर नव्या फोनवर सुरू करा.